अकरा घरांची फिरती फळी

शुक्रवार, बारा जून. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गटप्रमुख शिराकींनी माझ्या चापात एक कागद अडकवला, तो घट्ट बसला आहे का हे दोनदा ओढून पाहिले आणि मला काखोटीला मारून ते घराबाहेर पडले. कागद एकच होता. त्यावर अकरा चौकोन आखलेले होते. सोमवारी सकाळी दहाच्या आत तो तीन गावांच्या संयुक्त कचेरीत पोचवायचा होता.

मित्रांनो, मी कावाझोए वस्तीची फिरती सूचनाफळी. माझे वय अठ्ठावन्न वर्षे. कुसे नदीवरचा जुना लाकडी पूल काढला, तेव्हा त्याच्या एका तुळईतून मला कापून काढले. सुताराने दोन्ही अंगांना रंधा मारला, डोक्यावर लोखंडी चाप बसवला, टांगण्यासाठी दोरी ओवली आणि पाठीवर तापल्या सळईने वस्तीचे नाव उमटवले. पुलात होते तेव्हा माझ्यावरून लोक हिराबा गावातून शिमोदे गावात जात. फळी झाल्यावर मीच लोकांकडे जाऊ लागले.

माझे काम सोपे आहे. गटप्रमुख कागद लावतो आणि मला पहिल्या घरी देतो. त्या घराने कागद वाचायचा, आपल्या चौकोनात नावाचा शिक्का मारायचा आणि मला पुढच्या दारी, चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवायचे. शिक्क्याचा अर्थ इतकाच, की कागद या घरात येऊन गेला. एका रात्रीपेक्षा जास्त मला ठेवून घेऊ नये असे कुठे लिहिलेले नाही. पण शेजारी वाट बघत असेल या विचाराने कुणाला जेवण गोड लागत नाही. म्हणून पुष्कळ जण आधी शिक्का मारतात आणि वाचायचे राहून जाते.

गटारे कधी साफ करायची, उन्हाळी जत्रेचे कंदील कोणी लावायचे, कोण वारले, अंत्यविधी किती वाजता, हे सगळे मी घरोघर नेले. सात वर्षांपूर्वी सप्टेंबरात कुसेला मोठा पूर आला. रस्ते तुटले, फोन दोन दिवस बंद. कोणत्या घरात किती माणसे, कोणाला औषध लागते, कोण चालू शकत नाही, हे माझ्यावरच्या कागदावर पेन्सिलीने लिहून लोकांनी मला घरोघर फिरवले. तिसऱ्या दिवशी बचाव पथकाच्या प्रमुखाने मला दोन्ही हातांनी घेतले आणि म्हटले, इतकी चोख यादी आम्हाला दुसऱ्या कुठल्याच वस्तीने दिली नाही. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी शाबासकी.

मात्र त्याच पुरात खाली शिमोदेत पाणी दुसऱ्या मजल्याला लागले आणि नऊ माणसे गेली. आमच्या वळणावरचा बांध नवा होता, उंच होता. जे पाणी आमच्याकडे पसरले असते ते पुढे गेले. वस्तीत हे कुणी बोलून दाखवत नाही. पण तेव्हापासून शिमोदेहून कुणी पाहुणा आला की बांधाचा विषय कोणी काढत नाही.

पुढे फोनवर गट झाले आणि माझे फेरे कमी झाले. आठवड्याला एक होता, तो महिन्याला एक झाला. चौथ्या घरातल्या मुरोईंनी तर एकदा मला मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर ठेवले, वर दगड ठेवला आणि आठ दिवस विसरले. दमट हवेत अजूनही माझ्या अंगाला तो वास येतो. तरी मी तक्रार करत नव्हते. तक्रारीची वेळ या जानेवारीत आली, आणि ती माझ्याबद्दलची नव्हती.

नदीकाठची तिन्ही गावे आटत चालली आहेत. वरच्या यानागोत गरम पाण्याच्या झऱ्यांवरची निम्मी विश्रामगृहे बंद पडली. मधल्या हिराबात, म्हणजे आमच्या गावात, शाळा बंद झाली. खालच्या शिमोदेत रुग्णालय आहे, पण पावसाळ्यात तिथले रोगी जीव मुठीत धरून असतात. एकेकट्याने कुणाचेच निभत नाही, म्हणून तिन्ही गावांनी मिळून नदीसाठी एकच आराखडा करायला घेतला. यानागोची विश्रामगृहे उघडायची, शिमोदेचे रुग्णालय वाढवायचे, आणि हिराबातल्या आमच्या वळणावरचा बांध उतरवून तिथे पूरमैदान करायचे. एरवी बाग, आणि नदी फुगली की पाणी शिरायला मोकळी जागा. आमची अकरा घरे उठवायची आणि माणसांना तिन्ही गावांतल्या रिकाम्या घरांत, 'उपलब्धतेनुसार', हलवायचे.

या आराखड्याचा गोषवारा जानेवारीत माझ्या चापात आला. तो वरून तिसरा कागद होता. पहिला मोडक्या सामानाच्या गाडीचा, दुसरा लस टोचण्याचा. शिक्क्यांची यादी तिघांना मिळून एकच. दोन दिवसांत अकरापैकी अकरा शिक्के झाले. एप्रिलमध्ये आराखड्याची पुस्तिका छापून आली. पान चौदावर ओळ होती: कावाझोए वस्तीतील अकराही घरांची संमती प्राप्त.

ही ओळ आठव्या घरातल्या फुसाए ओबाता यांनी वाचली. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. एकतीस वर्षे कागद कारखान्यात कामाला होत्या. प्रत्येक ताव उजेडाकडे धरायचा, ठिपका दिसला की बाजूला काढायचा, हे त्यांचे काम. त्या अजूनही कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचतात. जानेवारीत मात्र त्यांना पडशाने ताप होता आणि त्यांनीही न वाचता शिक्का मारला होता. हे त्या स्वतःला माफ करत नाहीत.

त्यांनी कचेरीत फोन केला. दोन जूनला तिथली नागासे नावाची तरुण कर्मचारी शिराकींच्या घरी आली. शिराकी पूर्वी केशकर्तनालय चालवत. पुढच्या खोलीत अजून आरसा आणि एक खुर्ची आहे. ओबाताबाई त्या खुर्चीत बसल्या होत्या, मी खुंटीला टांगलेली होते.

"चूक आमचीच आहे, ओबातासान," नागासे वाकून म्हणाली. "यादीवर अकरा शिक्के होते. साहेबांना वाटलं, सगळ्यांचं ठरलंय."

"त्याच यादीवर जुन्या गाद्या उचलायची तारीख होती. मग अकरा घरांची गाद्यांना संमती, असंही छापा की."

शिराकी हसले, आणि आपण गटप्रमुख आहोत हे आठवून थांबले.

"पुन्हा फिरवू या," नागासे म्हणाली. "या वेळी एकच कागद. अगदी स्पष्ट लिहू. संमती असेल त्यांनीच शिक्का मारायचा. नसेल त्यांनी चौकोन रिकामा सोडून फळी पुढे द्यायची."

"रिकामा?" ओबाताबाईंनी विचारले. "या वस्तीत रिकामा चौकोन कधी बघितलायस का, पोरी?"

नागासेने बघितला नव्हता. मी अठ्ठावन्न वर्षांत दोनदा बघितला होता. दोन्ही वेळा त्या घरात माणूस मरून पडला होता.

म्हणून शुक्रवारी शिराकी मला घेऊन निघाले तेव्हाच मला धाकधूक होती. पहिले घर त्यांचेच; शिक्का त्यांनी घरीच मारला होता. दुसऱ्या घरी बारा मिनिटे लागली. तिसऱ्या घरी चार. तिसऱ्या घरची बाई मला घेऊन मुरोईंकडे आली. मुरोई चटया विणतात. त्यांनी दाभण खाली ठेवले आणि कागद लांब धरून पाहिला.

"तुम्ही मारलात?"

"मारला बाई. सकाळी सकाळी वाद कोण घालणार?"

"मग मी एकट्यानं नाही मारला तर शोभा होईल."

"तुमची शोभा व्हायला आता काही उरलंय का, मुरोईसान? फळीला अजून मुळ्याचा वास येतो."

ती गेली. मुरोईंनी डबीतून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि कागदावर आणला. तिथे तो थांबला. त्यांनी तो बोटांत फिरवला आणि मग टेकवला. नाव डोक्यावर उभे राहिले.

मित्रांनो, तोंडावर नाही म्हणणे आमच्याकडे जड जाते. कारखान्यात, दुकानात, कुठेही वरिष्ठाचा कागद पटला नाही तर माणूस शिक्का उलटा मारतो. जाणता वरिष्ठ ते पाहतो, काही बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कागद बदलून आणतो. पण हा कागद जाणत्या वरिष्ठाकडे जाणार नव्हता. तो जाणार होता खिडकीत, जिथे लाल वर्तुळे मोजतात. उलटी काय आणि सुलटी काय, मोजताना सारखीच.

शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पाचव्या, सहाव्या आणि सातव्या घरातून होऊन मी ओबाताबाईंकडे आले. त्यांनी कागद उभ्याने वाचला, मग पायरीवर बसून पुन्हा वाचला. शिक्क्याची डबी शेजारी ठेवली, उघडली नाही. मग त्यांनी शिमोदेत राहणाऱ्या मुलीला, मिहोला, फोन लावला. ऐकू कमी येते म्हणून त्या फोन मोठ्या आवाजावर ठेवतात.

"आई, मी तुला मार म्हणणार नाही," मिहो म्हणाली.

"म्हण ना. ऐकते मी."

"मग काय सांगू? पाऊस लागला की मी पोरांचे बूट वरच्या मजल्यावर नेते. सात वर्षं झाली. धाकटीला वाटतं, सगळ्यांच्याच घरी असं करतात."

ओबाताबाईंनी शिक्क्याची डबी जराशी लांब सरकवली.

"तू आमच्याकडे राहायला ये. किती वेळा सांगितलं."

"तुझ्याकडे मी येईन. शिराकी कुठे जाईल? मुरोईला यानागोच्या डोंगरात टाकलं तर तो कुणाशी भांडेल? सातव्या घरातली आजी रोज सकाळी माझ्या दाराची फळकुटं उघडलीत का बघते. तिला शिमोदेला आणि मला हिराबाला. मग मी मेले तर चार दिवस पत्ता लागायचा नाही."

"असलं काही बोलू नकोस."

"नुसतं बोलत नाहीये, पोरी. पान बावीसवर लिहिलंय. उपलब्धतेनुसार."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. आणि मला तेव्हा उमगले, की भीती मलाही माझ्यासाठीच वाटते आहे. अकरा घरे तीन गावांत पांगली तर फळी कोणत्या दारापासून कोणत्या दारापर्यंत नेणार? पण मैदान झाले नाही आणि पुन्हा तसा पूर आला, तर मिहोच्या दाराशी कोण उभे राहणार? दोन्ही भीती खऱ्या होत्या. मला एकाच बाजूने रंधा मारलेला नाही, दोन्ही बाजूंनी आहे. तरी मला एकही बाजू घेता येईना.

रविवारी सकाळी नऊ वाजता शिराकी दारात हजर झाले. यानागोकडे आभाळ काळे होते. नदीचा आवाज आत ऐकू येत होता.

"ओबातासान, फळी अजून इथेच? पुढची तीन घरं ताटकळलीत."

"ताटकळू द्या. चहा घ्या."

"चहा नंतर. तुम्ही मारला नाहीत ना? मला वाटलंच होतं. अहो, एक शिक्का. तुमच्यापायी सगळ्या वस्तीचं नाव कचेरीत खराब होतंय."

"वस्तीचं म्हणता? इकडे या, उजेडात." त्यांनी मला दाराशी, उजेडाकडे धरले, कारखान्यात ताव धरत तसे. "सहावं घर. नाव कसं दिसतंय?"

शिराकींनी मान वाकडी केली. "उलटं."

"मुरोईचं?"

"तेही मेलं उलटंच."

"आणि पहिलं घर?"

पहिले घर शिराकींचे. त्यांचे नावही डोक्यावर उभे होते. ते एवढेच म्हणाले, "तेव्हा चष्मा नव्हता."

"चाळीस वर्षं वस्तरा चालवला तुम्ही, चष्म्याशिवाय. एक कान कापला नाही."

शिराकी पायरीवर बसले. चहा आला तो त्यांनी निमूट घेतला. "मग काय करू मी? गटप्रमुखानंच चौकोन रिकामा सोडला, तर लोक काय म्हणतील? आणि शिमोदेवाले? त्यांच्यातले नऊ गेले, ओबातासान. माझ्या दुकानात केस कापायला यायचे त्यातले दोघं."

"म्हणूनच मी 'नाही' म्हणत नाहीये."

"पण 'हो'ही म्हणत नाही!"

"नाहीच म्हणत."

त्यांनी पेन घेतले आणि आपल्या चौकोनात लिहायला सुरुवात केली. चौकोन नखाएवढा, त्यात शिक्क्यापुरती जागा. पहिले चार शब्द मावले, मग ओळ नवव्या चौकोनात गेली, दहाव्यातून अकराव्यात आणि तिथून खाली समासात उतरली. लिहिले होते: पूरमैदान करावे. मात्र अकरा घरांना एकाच जागी, शेजारी शेजारी कुठे नेणार, ते आधी लेखी द्यावे.

शिराकींनी ते मोठ्याने वाचले. "ही जागा लिहायची नाही."

"मग लिहायची कुठली आहे, दाखवा."

त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता. पण मागे लिहिलेले कोण वाचतो, हे त्यांनाही माहीत होते.

त्या दुपारी शिराकींनी मला स्वतः उरलेल्या तीन घरी नेले. नववे घर म्हणाले, आमच्या चौकोनात तर अक्षरे आहेत, आम्ही कुठे मारू? शिराकींनी सांगितले, तुम्हीच ठरवा. नवव्या घराने त्या वाक्याखाली समासात शिक्का मारला. दहाव्याने त्याच्या शेजारी, अकराव्याने त्याच्या शेजारी. तिघेही सुलटे. पहिल्या सात घरांकडे मात्र मी परत जाऊ शकत नव्हते. फळी मागे फिरत नाही, ही आमची रीत. अठ्ठावन्न वर्षांत ती कोणी मोडली नव्हती, आणि शिराकींनीही मोडली नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला मी त्यांच्या सायकलच्या टोपलीत होते. वळणावर मुरोई उभे होते. आदल्या दुपारपासून वस्तीत कुजबुज झालेली असणार.

"जरा थांबवा. दाखवा काय लिहिलंय ते."

"फळी मागे फिरत नाही, मुरोईसान."

"मागे कुठे? मीच पुढे आलोय की."

शिराकींनी पाय टेकवला. मुरोईंनी रस्त्यातच, माझ्या पाठीला गुडघ्याचा आधार देऊन, समासात दुसरा शिक्का मारला. हा सुलटा होता. बाकीची पाच घरे सायकलच्या वाटेवर नव्हती. शिराकींनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, वस्तीकडे वळून पाहिले, मग समासातल्या मोकळ्या जागेकडे पाहिले आणि पायंडल मारले. त्यांनी स्वतःचा दुसरा शिक्का मारला नाही. तो त्यांच्या खिशात होता. मला टोपलीतून खिशाचा फुगवटा दिसत होता.

मित्रांनो, माझी निगा राखा म्हणजे मला पुसा, रंग द्या, खुंटीला नीट टांगा, असे मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, टिकेन. तुमच्या दारी कधी कुणी माझ्यासारखे कागद घेऊन आले, तर पुढचे घर वाट बघते आहे म्हणून घाई करू नका. दोन मिनिटे मला ठेवून घ्या. कागद वाचा. पटले नाही तर नाव डोक्यावर उभे करून थांबू नका. शब्दांत लिहा, जागा नसली तरी लिहा. माझ्या छातीवर जे येते ते मी नेते. न लिहिलेले मला नेता येत नाही.

नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी शिराकींनी मला कचेरीच्या खिडकीत नागासेच्या हाती दिले. तिच्यापुढे एक तक्ता होता. त्यात दोनच रकाने: संमत घरे, असंमत घरे. तिने बोटाने शिक्के मोजले, अकरा म्हटले, मग घरे मोजली, दहा म्हटले. मग तिने मला उलटे धरले आणि तीन नावे वाचली.

"हे मुद्दाम आहे का?" तिने विचारले.

शिराकींनी खिशातला शिक्का चाचपला. "एक माझं आहे," ते म्हणाले. "हो."

नागासे शेजारच्या सहकाऱ्याकडे गेली. उलटा शिक्का कुठल्या रकान्यात धरायचा? त्याने सांगितले, असा नियम नाही, साहेबांना विचार. साहेब आत बैठकीच्या तयारीत होते. दहा वाजता तिन्ही गावांच्या प्रमुखांची बैठक सुरू झाली आणि दार लागले. तक्त्यातले दोन्ही रकाने अजून कोरे होते.

आता दहा वाजून पस्तीस मिनिटे झाली आहेत. यानागोच्या पुलापाशी पाणी रात्रीपेक्षा चाळीस सेंटिमीटरने वाढल्याचे नुकतेच ध्वनिक्षेपकावर सांगितले. शिराकी बाकावर बसले आहेत. नागासे मला छातीशी धरून बंद दारासमोर उभी आहे. एकदा तिने टकटक करायला हात वर केला आणि खाली घेतला. कार्यक्रमपत्रिकेत आमचा विषय सहावा आहे. आत चौथा चालू आहे.